नकाशा लहान, हद्द तेवढीच

वांद्रे पश्चिमेस हिल रोडच्या गजबजाटातून आत वळले की रानवार नावाचे जुने गावठाण लागते. लगतच चिंबई, पाली, शेर्ली ही आणखी काही गावठाणे आहेत. उंच इमारतींच्या वेढ्यात सापडलेल्या या वस्त्यांतील घरांचे भूखंड आखीव-रेखीव चौकोन नाहीत. कोठे भिंत मध्येच वळते, कोठे दोन घरांमधील बोळ पुढे जाऊन अरुंद होतो, कोठे कुंपणाचा एक कोपरा रस्त्यात आल्यासारखा दिसतो. अशा एखाद्या भूखंडाची वीस मीटर लांबीची बाजू नकाशावर केवळ तीस सेंटिमीटर सरकली, तर सहा चौरस मीटर, म्हणजे सुमारे पासष्ट चौरस फूट जागा एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेल्याचे दिसू लागते. वांद्र्यात एवढ्या जागेत माणसे दुकान थाटून संसार चालवितात.

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला व त्याचे मुख्यालय वांद्रे येथे आले. या परिसरातील प्रत्येक भूखंडाला नगर भूमापनाचा क्रमांक आहे, त्याची मिळकत पत्रिका आहे आणि त्याची हद्द दाखविणारा नकाशा आहे. हे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या कागदावर व कापड लावलेल्या जाड पत्रकांवर जपले गेले. आता राज्यभरातील अशा नकाशांचे संगणकीकरण होत आहे. कागदाचा नकाशा एकाच जागी राहत असे. संगणकातील नकाशाची मात्र नक्कल होते, तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठविला जातो, भूकरमापकाच्या हातातील यंत्रात उतरतो, नागरिकाच्या भ्रमणध्वनीवर उमटतो. आणि या प्रत्येक प्रवासात तो थोडाबहुत लहान केला जातो. लहान करताना नेमके काय गाळले जाते आणि हद्दीची रेषा जागची हलते की काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. तो अधिकाऱ्यांचा, शिक्षकांचा आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्या सदस्यांचाही आहे.

साठवणुकीची साधने इतकी स्वस्त झाली असता नकाशा लहान करण्याचा खटाटोप कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. एका पत्रकापुरती ती रास्त आहे. तथापि एका तालुक्यात शेकडो पत्रके असतात, एका गावात शेकडो गट असतात, आणि ज्या गावी ते पाहावयाचे तेथे संपर्कयंत्रणा अनेकदा दुबळी असते. डोंगरकपारीतील गावात नकाशा उघडण्यास दहा मिनिटे लागू लागली की तो कोणी उघडत नाही. शिवाय प्रत्येक नकाशाच्या दोन-तीन सुरक्षित प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावयाच्या असतात, आणि खर्चाचा खरा भार तेथे पडतो.

टिपणाचे गणित

नकाशा आटोपशीर करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची जी पद्धत रूढ केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला नियमांचे रूप दिले, तिचा पाया शंकू साखळीवर होता. साखळी ३३ फुटांची व तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडी आजही असलेला गुंठा हा त्या साखळीचा चौरस होय.

मोजणीदार शेतात जाऊन जे टिपण करीत असे ते पाहण्यासारखे आहे. शेताच्या आरपार एक आधाररेषा घ्यावयाची, तिच्यावरून साखळी ओढीत जावयाचे, आणि बांधाचा कोपरा काटकोनात आला की तेथे रेषेवरचे अंतर व रेषेपासून कोपऱ्यापर्यंतचे लंब अंतर, असे दोन आकडे लिहावयाचे. कोपरा पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठे आहे हे टिपणात लिहिलेले नसे. आधाररेषेपासून तो किती दूर आहे एवढेच लिहिले जाई. आकडे त्यामुळे लहान राहत. ‘चार साखळ्या सहा आणे’ लिहिण्यास किती जागा लागणार? तरीही त्या चार-दोन आकड्यांवरून शेताचा आकार कोणत्याही प्रमाणावर पुन्हा काढता येत असे. शेताचा संपूर्ण आकार एका लहान कागदावर मावत असे, तो या युक्तीमुळे. आजचे संगणकशास्त्र नकाशासाठी जे करते ते मुळात याहून फार वेगळे नाही.

जाता जाता एक गंमत नमूद करावीशी वाटते. संगणक ज्या द्विमान पद्धतीत मोजतो तिच्यात प्रत्येक जागी शून्य किंवा एक एवढेच असते. अशा एका जागेला बिट म्हणतात. चार बिटांत शून्यापासून पंधरापर्यंतच्या सोळा संख्या नेमक्या बसतात. अर्धा, पाव, अर्धपाव अशा निमेनिम विभागणीवर उभी असलेली सोळा आण्यांची रीत या हिशेबाने संगणकाला दशमान पद्धतीपेक्षा अधिक मानवली असती. १९५७ साली रुपयातून आणे गेले, आणि त्यानंतर मोजणीतही मेट्रिक परिमाणे आली, ते व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच झाले. पण आण्याची विभागणी अडाणी होती असे मात्र कोणी समजू नये.

अक्षरी आणि अंकी

आठ बिटांचा एक बाइट होतो. लिखित मजकुरात प्रत्येक अंक, प्रत्येक दशांशचिन्ह आणि प्रत्येक रिकामी जागा एकेक बाइट खाते. नकाशाची फाईल मजकुराच्या स्वरूपात असेल तर प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश तिच्यात अंकामागून अंक लिहिलेले असतात. ती माणसाला वाचता येते हा तिचा गुण, आणि अवाढव्य होते हा दोष. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिली म्हणजे अर्धी ओळ भरते व अंकी लिहिली म्हणजे चौकटीत मावते, तसाच हा भेद आहे. द्विमान स्वरूपात संख्या ‘लिहिली’ जात नाही, ती मोजाच्या रूपाने ठेवली जाते. चार बाइटांत ४ अब्ज २९ कोटींपर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या बसते.

येथे एक प्रश्न आधी सोडवावा लागतो : किती अंक ठेवावयाचे? संगणकातून निघालेल्या अनेक फाईलींत रेखांश दशांशचिन्हापुढे चौदा-पंधरा अंकांपर्यंत लिहिलेला आढळतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि वांद्र्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. हिशेब केला तर दशांशचिन्हापुढील सहावा अंक जमिनीवर दहा-अकरा सेंटिमीटर दाखवितो, सातवा सुमारे एक सेंटिमीटर. पंधरावा अंक दाखवितो ते अंतर एका अणूच्या रुंदीएवढे आहे! घराचे कुंपण कोणत्या अणूवर उभे आहे हे ठरविण्याची आवश्यकता कोणत्याही न्यायालयास अद्याप भासलेली नाही.

याउलट कागदी नकाशाची स्वतःची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. १:५०० प्रमाणाच्या नगर भूमापन नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवरील दहा सेंटिमीटर झाकते. १:३९६० प्रमाणाच्या नकाशावर तीच रेघ सुमारे ८० सेंटिमीटर झाकते. (हे ३९६० कोठून आले असे वाटेल. दहा साखळ्यांना एक इंच हे ते जुने प्रमाण होय. दहा साखळ्या म्हणजे ३३० फूट, आणि ३३० फूट म्हणजे ३९६० इंच. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेतही स्थानिक नकाशांसाठी हाच आकडा आला आहे.) अशा नकाशावरून घेतलेल्या बिंदूला पंधरा दशांश अंक जोडणे हा अचूकपणाचा केवळ देखावा होय. मोजणी जितकी अचूक तितकेच अंक ठेवावेत. त्यापुढचे अंक टाकून दिल्याने हद्दीचे काही नुकसान होत नाही. माहिती लहान करण्याची पहिली आणि सर्वांत निर्धोक पायरी हीच आहे, आणि दुर्दैवाने तीच सर्वाधिक वेळा विसरली जाते.

फरकांची नोंद

समजा, रानवारमध्ये चार कोपऱ्यांचा एक भूखंड आहे. उदाहरण कल्पित आहे, परंतु आकडे त्या भागाला साजेसे घेतले आहेत. आता मोजणी मीटरमध्ये होते. पहिल्या कोपऱ्याचे पूर्वेकडील अंतर २७१५४२.३६ आणि उत्तरेकडील अंतर २१०८२१७.८५. एवढे लिहिण्यासच, मधली रिकामी जागा धरून, वीस बाइट लागतात. चारही कोपरे आणि आकृती मिटविण्यासाठी पुन्हा पहिला कोपरा असे पाच बिंदू लिहिले, तर शंभरावर बाइट होतात. अक्षांश-रेखांशांचे लांबलचक अंक वापरले तर पावणेदोनशेच्या घरात जातात.

आता टिपणाची रीत लावू. पहिला कोपरा सेंटिमीटरच्या पूर्ण संख्येत ठेवला की २७१५४२३६ आणि २१०८२१७८५ या दोन संख्या होतात. त्यांना प्रत्येकी चार, मिळून आठ बाइट पुरतात. दुसरा कोपरा पहिल्यापासून पूर्वेस १२४० व उत्तरेस ११५ सेंटिमीटर आहे, एवढेच लिहावयाचे. तिसरा दुसऱ्यापासून पश्चिमेस ८५ व उत्तरेस १८३२. चौथा तिसऱ्यापासून पश्चिमेस १२६२ व दक्षिणेस ९७. शेवटची बाजू लिहिण्याचे कारण नाही, कारण आकृती मिटतेच. या सहा फरकांना प्रत्येकी दोन बाइट पुरतात. एकूण झाले वीस. मजकुराच्या स्वरूपात एका कोपऱ्याला जेवढी जागा लागली तेवढ्यात संपूर्ण भूखंड बसला, आणि एकाही कोपऱ्याचा एक सेंटिमीटरही हलला नाही.

लहान फरकाला कमी व मोठ्या फरकाला अधिक बाइट कसे द्यावयाचे, याची युक्ती कोणत्याही हिशेबनिसास ओळखीची वाटेल. वहीच्या पानाअखेर बेरीज संपली नसेल तर आपण ‘पुढे नेले’ असे लिहितो. येथेही प्रत्येक बाइटातील एक बिट या खुणेसाठी राखलेला असतो. तो एक असेल तर संख्या पुढच्या बाइटात चालू आहे, शून्य असेल तर येथेच संपली. पूर्व की पश्चिम, उत्तर की दक्षिण, हे सांगण्यासाठी आणखी एक बिट लागतो. त्यामुळे एका बाइटात ६३ सेंटिमीटरपर्यंतचा आणि दोन बाइटांत जवळजवळ ८२ मीटरपर्यंतचा फरक बसतो. गावठाणातील घराची भिंत याहून लांब सहसा नसते. ‘जिओबफ’ या नावाने ओळखले जाणारे द्विमान स्वरूप याच तत्त्वावर आधारलेले आहे, आणि मजकुरी स्वरूपातील नकाशा त्यात साधारणतः सहा ते आठ पटींनी लहान होतो, असे त्याचे कर्ते सांगतात.

या रीतीत एक धोका मात्र आहे, आणि तो आपल्या भूकरमापकांना पुस्तक न वाचताही समजेल. साखळीने चालत शेताला वळसा घालून मूळ दगडापाशी परत आले की कधी कधी आकृती मिटत नाही, चार बोटांची फट राहते. प्रत्येक टप्प्यावरची बारीक चूक पुढच्यात मिसळत गेलेली असते. फरकांच्या नोंदीतही हेच होऊ शकते. मूळ निर्देशकांचे फरक आधी काढले आणि मग प्रत्येक फरक जवळच्या सेंटिमीटरला पूर्ण केला, तर दर कोपऱ्यास अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत चूक होते व ती पुढे पुढे ढकलली जाते. शंभर कोपऱ्यांच्या वाकड्यातिकड्या सीमेत, सर्व चुका एकाच दिशेने पडल्या, तर शेवटचा कोपरा अर्धा मीटर सरकेल. प्रत्यक्षात चुका पुष्कळशा एकमेकींस खोडतात, परंतु हद्दीचे काम नशिबावर सोडता येत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक कोपऱ्याचा मूळ निर्देशक आधी पूर्ण सेंटिमीटरला आणावयाचा, आणि त्यानंतरच फरक काढावयाचा. मग फरक नेमके राहतात, बेरीज नेमकी येते, आणि कोणत्याही कोपऱ्याची चूक कोणत्याही दिशेने अर्ध्या सेंटिमीटरपलीकडे जात नाही, मग कोपरे चार असोत की चार हजार. क्रम उलटला की काम बिघडते. आणि बिघडलेले काम पडद्यावर डोळ्यांना दिसत नाही.

सामाईक बांध

दोन शेतांमधला बांध एकच असतो. परंतु प्रत्येक भूखंड स्वतंत्र आकृती म्हणून साठविला की तो बांध फाईलीत दोनदा येतो, एकदा अलीकडच्या शेताचा म्हणून व एकदा पलीकडच्या शेताचा म्हणून. दोन्ही वेळा तो तंतोतंत एकच येईल याची हमी नसते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी रेघ ओढली गेली असेल तर मध्ये बोटभर फट राहते, किंवा एक आकृती दुसरीवर चढते. कागदावर हे कोणाला जाणवले नसते. संगणक मात्र त्या फटीचे क्षेत्रफळ काढून ते अतिक्रमण म्हणून दाखवू शकतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदणाऱ्या शेजाऱ्यांना तहसील कचेरीची वाट दाखवितो.

यावर उपाय असा की आकृत्यांऐवजी रेषा साठवाव्यात. प्रत्येक रेषा एकदाच लिहावयाची, आणि तिच्या डाव्या हातास कोणता भूखंड व उजव्या हातास कोणता, हे तिच्यासोबत नोंदवावयाचे. भूखंड म्हणजे मग अशा रेषांची यादी होते. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९७० च्या जनगणनेसाठी शहरांतील रस्त्यांच्या नकाशांवर हे तत्त्व वापरले होते. २०१२ साली पुढे आलेले ‘टोपोजेसन’ हे स्वरूपही सामाईक रेषेच्याच कल्पनेवर उभे आहे. तालुका किंवा जिल्हा यांच्या नागमोडी सीमा असतील तर या रीतीने जागा जवळजवळ निम्म्याने वाचते. चार-सहा कोपऱ्यांच्या लहान भूखंडांत मात्र बचत फारशी होत नाही, कारण वाचलेली जागा रेषांच्या यादीत खर्च होते. असे असूनही भूमी अभिलेखांसाठी हीच रीत श्रेयस्कर मानावी असे प्रस्तुत लेखकास वाटते. बांध एकदाच लिहिलेला असला की त्याच्याविषयी दोन मते संभवत नाहीत. दुरुस्ती झाली तरी दोन्ही शेजाऱ्यांच्या नकाशांत ती एकाच वेळी होते.

किनाऱ्यावरचे बिंदू

आतापर्यंत सांगितलेल्या रीतींत नकाशाचे काही हरवत नाही. यापुढची रीत वेगळी आहे, कारण तिच्यात जाणूनबुजून काही गाळले जाते.

लँड्स एंडच्या टोकापासून बँडस्टँडवरून कार्टर रोडपर्यंतचा वांद्र्याचा किनारा पाहावा. काळे खडक, त्यांमधल्या घळी, मध्येच चिंबईची मच्छीमार वस्ती, पुढे तिवरांची झाडी. ही रेषा मीटरा-मीटराने मोजली तर हजारो बिंदू होतील. शाळेच्या भिंतीवरील जिल्ह्याच्या नकाशाला त्यांतील वीस-पंचवीस पुरे आहेत. कोणते ठेवावयाचे व कोणते गाळावयाचे हे ठरविण्याची एक सुबोध पद्धत डग्लस व पॉयकर या कॅनडातील संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. रेषेची दोन टोके सरळ जोडावयाची. मधल्या बिंदूंपैकी या सरळ रेषेपासून सर्वांत दूर कोणता ते पाहावयाचे. तो ठरविलेल्या मर्यादेच्या आत असेल तर मधले सर्व बिंदू गाळावयाचे. मर्यादेबाहेर असेल तर तो बिंदू ठेवून रेषेचे तेथे दोन भाग करावयाचे, आणि प्रत्येक भागाला तीच कसोटी पुन्हा लावावयाची. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडून आलेख-कागदावर हे करून घेता येईल. शिक्षकांनी करून पाहावे. आपल्या गावच्या ओढ्याची रेषा घेतली तर वर्ग अधिक रमतो.

मर्यादा वीस मीटर ठेवली तर फाईल कितीतरी लहान होते, आणि त्याचबरोबर चिंबईजवळची एखादी घळ नकाशावरून नाहीशी होते. पर्यटकाला त्याचे दुःख नाही. परंतु भरतीरेषेपासून इतक्या मीटरपर्यंत बांधकामास मनाई, असा ज्या कायद्याचा अर्थ आहे, त्यासाठी हाच नकाशा कोणी वापरला तर एका घराचे भवितव्य गाळलेल्या बिंदूवर अवलंबून राहील. भूखंडांचेही तसेच आहे. प्रत्येक आकृतीला ही कसोटी स्वतंत्रपणे लावली की सामाईक बांध दोन्ही बाजूंनी वेगवेगळा सोपा होतो, आणि पूर्वी सांगितलेल्या फटी नव्याने निर्माण होतात.

भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या नकाशांचेही याच संदर्भात पाहावे. ते लहान चौरस तुकड्यांत कापून पाठविलेले असतात व प्रत्येक तुकड्यात बिंदू ठेवण्यासाठी ठराविक घरांची जाळी असते. अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या रचनेत, चौदाव्या पातळीचा एक तुकडा वांद्र्याच्या अक्षांशावर सुमारे २.३ किलोमीटर रुंद असतो आणि त्यात एका बाजूस ४०९६ घरे असतात. एक घर म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर. प्रत्येक कोपरा जवळच्या घरात बसविला जातो, म्हणजे तो २८ सेंटिमीटरपर्यंत सरकू शकतो. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या तीस सेंटिमीटरच्या हे किती जवळ आहे, ते वाचकांनी पाहावे. पडद्यावर बोट ठेवून शेजाऱ्याशी वाद घालणाऱ्यास हे सांगावयास हवे.

छायाचित्रांचे ओझे

ग्रामपंचायतींचा संबंध अलीकडे प्रामुख्याने हवाई छायाचित्रांशी आला आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी प्रायोगिक तत्त्वावर झाली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली व गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. अशा छायाचित्रातील एक ठिपका जमिनीवरील पाच सेंटिमीटर दाखवितो असे धरले, तर एका हेक्टरात चाळीस लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन बाइट धरले की हेक्टरी सव्वा कोटीच्या आसपास बाइट झाले. त्याच हेक्टरातील घरांच्या हद्दी वर सांगितलेल्या रीतीने लिहिल्या तर काही हजार बाइटांत आटोपतात. छायाचित्र ही साक्ष आहे व रेषा हा निष्कर्ष आहे, म्हणून दोन्ही जपावे लागतात. मात्र गावोगाव रोज पाठवावयाची ती रेषा.

जुने कागदी नकाशे स्कॅन केले जातात तेव्हाही हाच प्रश्न येतो. मोठ्या पत्रकाचे काळे-पांढरे स्कॅन दर इंचास ४०० ठिपके या मापाने केले तर सुमारे १२ कोटी ठिपके, म्हणजे दीड कोटी बाइट होतात. परंतु नकाशा बहुतांशी कोराच असतो. तेव्हा एकेक ठिपका न लिहिता ‘४१२ पांढरे, ३ काळे, ९० पांढरे’ असे ओळीने लिहिले तर पुष्कळ जागा वाचते व एकही ठिपका हरवत नाही. कार्यालयांतील फॅक्स यंत्रे मुळात याच रीतीने कागद पाठवीत असत. छायाचित्रांसाठी रूढ असलेली जेपेग ही रीत मात्र बारीक रेषांच्या कडा धूसर करते, आकड्यांभोवती डाग पाडते. टिपणातील ‘३’ आणि ‘८’ यांत भेद राहिला नाही तर वाचविलेली जागा काय कामाची? टिपणे, फाळणी व गट बुकाची पाने यांसाठी ही रीत टाळावी.

वाचण्याची किल्ली

आटोपशीर नोंदीत फालतू असे काही उरत नाही, आणि याची एक किंमत असते. धनादेशावर रक्कम अक्षरी व अंकी दोन्ही लिहितात, कारण एक चुकली तर दुसरी आधार देते. फरकांच्या मालिकेतील एक बाइट बिघडला तर त्यापुढचे सर्व कोपरे एकदम सरकतात. म्हणून प्रत्येक पत्रकाच्या अखेरीस एक ताळा ठेवला पाहिजे. सर्व बाइटांवर ठराविक गणित करून आलेली संख्या शेवटी लिहावयाची, आणि उघडताना तेच गणित पुन्हा करून पाहावयाचे. ताळा जमला नाही तर फाईल उघडू नये व दुसरी प्रत मागवावी. काही बाइटांच्या खर्चात हे होते. भूखंडाचे क्षेत्र निर्देशकांवरून पुन्हा काढून आकारबंदातील किंवा मिळकत पत्रिकेतील क्षेत्राशी ताडून पाहणे हा दुसरा ताळा. तो आपल्या कार्यालयांना नवा नाही.

दुसरी चिंता काळाची आहे. अभिलेख कक्षांत मोडी लिपीतील कागदांचे गठ्ठे आहेत. शाई शाबूत आहे, कागद शाबूत आहे. वाचणारी माणसे मोजकी उरली आहेत. द्विमान फाईल तर लिपी जाणणाऱ्यालाही नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. पहिले चार बाइट काय सांगतात, एकक सेंटिमीटर आहे की मिलिमीटर, फरक कोणापासून घेतले, हे सांगणारा नियम हाताशी नसेल तर ती निव्वळ शून्य-एकांची रास होय. हा नियम एखाद्या पुरवठादाराच्या कपाटात राहिला आणि त्याने दुकान बंद केले, तर नकाशा गेलाच. १८५० च्या सुमाराचे टिपण आज वाचता येते, कारण साखळी किती फुटांची व आणे किती, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा लेखननियम उघडपणे प्रसिद्ध असलेलेच स्वरूप शासकीय कार्यालयांनी स्वीकारावे, नियमाची छापील प्रत नकाशासोबत ठेवावी, आणि मूळ मोजणीची एक प्रत मजकुराच्या स्वरूपात, काहीही न गाळता, वेगळी जपावी. रोजच्या वापरातील लहान फाईली तिच्यावरून केव्हाही पुन्हा तयार करता येतील. लहान केलेल्या फाईलीवरून मूळ मोजणी मात्र परत मिळत नाही.

नकाशाची संगणकीय प्रत ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने वा कार्यालयाने चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : मोजणी कोणत्या साधनाने व केव्हा झाली, निर्देशक किती सेंटिमीटरपर्यंत विश्वसनीय आहेत, प्रत तयार करताना बिंदू गाळले आहेत काय व कोणत्या मर्यादेने, आणि सामाईक हद्दी एकदाच नोंदविल्या आहेत काय. उत्तर मिळाले नाही तर ती प्रत भिंतीवर लावण्यासाठी चालेल, ठरावाला जोडण्यासाठी नव्हे. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट क्रमांक देऊन कोणासही आपल्या जमिनीचा नकाशा पाहता येतो. त्यावरून शेजार कोणाचा, वाट कोणत्या अंगाने, हे समजते. हद्दीविषयी प्रत्यक्ष वाद असेल तर तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे, आणि वांद्र्यासारख्या नगर भूमापन झालेल्या भागात नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे मोजणीसाठी अर्ज करावा लागतो. तेथे भूकरमापक येऊन जमिनीवर खुणा करतो, लगतच्या धारकांना नोटीस देऊन त्यांच्या समक्ष.